तुम्ही विचारलंत म्हणून: करवत हातात कधी देता?

नवीन मुलगा कामावर आला की आठवड्याभरात हा प्रश्न येतोच. कधी तो मुलगाच विचारतो, कधी त्याचे वडील, कधी ज्यांचं झाड काढायला गेलोय ते घरमालक. "याच्या हातात चेनसॉ किती दिवसांनी देणार?" परवा झाडं काढायचा व्यवसाय नव्याने सुरू केलेल्या एका ताईंनी फोनवर हेच विचारलं. मी नेहमीसारखं "बघायचं, पोरगा कसा आहे त्यावर" असं सांगून मोकळा झालो. त्यांचं काही समाधान झालं नाही. फोन ठेवल्यावर वाटलं, हे उत्तर अर्धवट आहे. म्हणून आज नीट सांगतो.

दिवस मी मोजत नाही. माझी अट एकच आहे: ज्याने एकदा तरी, कुणी न सांगता, चालू काम थांबवलंय त्याला करवत मिळते.

कारण साधं आहे. चेनसॉची चेन पूर्ण वेगात असताना सेकंदाला साधारण २० मीटर पळते. पापणी लवायच्या आत कितीतरी दात एका जागेवरून निघून जातात. तेव्हा करवत हातातून उसळल्यावर चपळाईने सावरेन, हा हिशेबच चुकीचा आहे. जे काही करायचं ते करवत लाकडाला टेकायच्या आधी. त्यामुळे मला चपळ हात नको असतात, वेळेवर "थांबा" म्हणणारं तोंड हवं असतं. आणि ही सवय अंगात आहे की नाही ते करवत हातात देऊन तपासता येत नाही. ते जमिनीवरच कळतं.

म्हणून नवा माणूस आधी जमिनीवर. फांद्या ओढायच्या, ओंडके रचायचे, दोर गुंडाळायचे. पोरांना हे हमालीचं काम वाटतं, पण झाडाचं वजन अंगाला कळायची दुसरी जागा नाही. पहिल्याच दिवशी मी दोन ओंडके दाखवतो, दोन्ही मीटरभर लांब, एक ३० सेंटिमीटर जाडीचा आणि दुसरा ६०. विचारतो, मोठ्याचं वजन किती? बहुतेक सगळे "दुप्पट" म्हणतात. ओलं लाकूड असेल तर लहान ओंडका ६०-७० किलोंच्या आसपास भरतो, दोघं मिळून तो उचलतात. मोठा अडीचशेच्या पुढे जातो, कारण जाडी दुप्पट झाली की वजन चौपट होतं. तो हलवायचा प्रयत्न करून झाला की मी वर बोट दाखवतो. तसाच एक तुकडा आता वरून दोरावर यायचा असतो.

दोर धरणाऱ्याचं काम तर मी फार जपून शिकवतो. बुंध्याला लोखंडी नळा बांधलेला असतो, त्याला दोराचे वेढे द्यायचे आणि घर्षणावर ओंडका खाली सोडायचा. वेढे किती, हे वजनावर ठरतं. नवा माणूस घाबरून दोर एकदम आवळतो. पडता ओंडका असा झटक्यात अडवला की दोरावर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो, वरचं खोड हेलकावतं आणि त्या खोडाला आपला माणूस बांधलेला असतो. "धावू दे, धावू दे, आता हळूहळू धर" असं मी मागे उभा राहून सांगत राहतो. हाताला दोर कधीच गुंडाळायचा नाही, आणि जमिनीवर पडलेल्या वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही. यावर चर्चा नाही.

आता चिपरचं, म्हणजे फांद्या रोलरने आत ओढून त्यांचा चुरा करणाऱ्या यंत्राचं सांगतो, कारण लोकांना करवतीची भीती वाटते तेवढी या यंत्राची वाटत नाही. फांदी जाड बुडाकडून घालायची. समोर नाही, बाजूला उभं राहायचं. रोलरने पकडली की सोडून द्यायची आणि पाठ फिरवून पुढची आणायला निघायचं. फांदीची आडवी काटकी बाहीत किंवा मोज्याच्या सैल तोंडात अडकली तर रोलर फांदीबरोबर हातही ओढतो, म्हणून सैल मनगटाचे हातमोजे मी चालू देत नाही. बारके तुकडे हाताने ढकलायचे नाहीत, लांब फांदीने ढकलायचे. पायाने तर नाहीच नाही. इंजिन बंद केलं तरी आतला पात्यांचा ड्रम बराच वेळ फिरत राहतो. आवाज थांबला म्हणून झाकण उघडणाऱ्याला मी त्या दिवशी घरी पाठवतो.

एक मुलगा होता, फार अबोल. काही सांगितलं की मान हलवायचा, समजलं की नाही ते कळायचं नाही. मला खरं म्हणजे त्याच्याबद्दल खात्री नव्हती. नववा की दहावा दिवस असेल. वर आमचा चढणारा काम करत होता, खाली फांद्यांचा ढीग वाढत होता, दोघं जण चिपरमध्ये भराभर फांद्या घालत होते. एक दाट फांदी रोलरने पकडली आणि याने झेप घेऊन वरची लाल दांडी ढकलली. रोलर थांबले. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो नुसतं पानांकडे बोट दाखवत होता. हिरव्या पानांत हातभर केशरी रंग दिसत होता. चढण्याच्या दोराचं शेपूट होतं ते, फांदीत अडकून तिच्याबरोबर निघालेलं. त्याच दोराच्या दुसऱ्या टोकाला बारा मीटरवर आमचा माणूस होता.

कुणी काही बोललं नाही. वरच्याला खाली बोलावला. दोर सोडवला, तपासला, आणि ढीग झाडापासून लांब हलवला. अर्धा तास गेला. तो मुलगा बाजूला उभा होता, यंत्र थांबवलं म्हणून ओरडा बसेल असं त्याला वाटत होतं. संध्याकाळी मी त्याला शेजारी बसवलं आणि हातात कानस दिली.

करवतीच्या आधी कानस, हा आमच्याकडचा क्रम आहे. ज्याला चेनला धार लावता येत नाही, त्याला करवत काय सांगतेय ते कळत नाही. चेनचे दात एक डावीकडे, एक उजवीकडे असे लावलेले असतात. याची गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो. १९४६ साली अमेरिकेत ओरेगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणारी भुंग्याची अळी निरखली. ती डावीउजवीकडे आलटूनपालटून खात होती, आणि तिचे जबडे इंग्रजी सी अक्षरासारखे वळलेले होते. त्याने ते पोलादात उतरवलं. आजची चेन त्याच वळणाची आहे. एकदा ही अळी डोळ्यांपुढे आली की पोराला पटतं, एका बाजूचे दात जास्त घासले तर काप वाकडा का जातो. प्रत्येक दातापुढे एक बुटका उंचवटा असतो, दाताने लाकूड किती खोल खायचं ते तो ठरवतो. तो जास्त घासला की करवत हिसके देते. धार नीट असेल तर छान जाडसर ढलप्या उडतात. पिठासारखा भुसा यायला लागला की थांबायचं आणि कानस काढायची. बोथट करवतीवर माणूस जोर देतो, आणि जोर दिला की तोल जातो.

ही अट मी पहिल्यापासून लावत नव्हतो, हेही सांगायला हवं. पूर्वी एक दणकट मुलगा आला होता, कामाला वाघ. कामं तुंबली होती म्हणून दुसऱ्याच आठवड्यात मी त्याला आडव्या झाडाच्या फांद्या छाटायला करवत दिली. त्याने वीसेक फांद्या अगदी बरोबर कापल्या आणि दर फांदीगणिक मला वाटत गेलं, याला येतंय. मग बारचं, म्हणजे चेन ज्याच्या कडेने फिरते त्या लांब पात्याचं टोक मागच्या एका न दिसणाऱ्या फांदीला लागलं. टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला टेकला की करवत उलटी उसळते, त्याला आम्ही किकबॅक म्हणतो. चेनचा ब्रेक बसला म्हणून निभावलं. बार त्याच्या हेल्मेटच्या जाळीपासून वीतभर अंतरावर थांबला. तो हसला आणि पुन्हा कापायला वाकला. त्याच्या त्या हसण्याने मला रात्रभर झोप लागली नाही. टोकाबद्दल मी त्याला सांगितलं होतं, पण घाईघाईत, गाडीतून उतरता उतरता. चूक पूर्ण माझी होती.

उभं झाड पाडायला तर पुढे कितीतरी महिने लागतात. त्याचा सराव आम्ही मुद्दाम कमरेएवढ्या उंच ठेवलेल्या खुंटावर करतो: पुढची खाच, मागचा काप, आणि मधे खोडाच्या जाडीच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी न कापलेली पट्टी. ती पट्टी म्हणजे बिजागरी, झाडाला दिशा तीच देते. ती पार कापणाऱ्याच्या हातातून मी करवत काढून घेतो. खरं झाड असेल तेव्हा मागे तिरकी निघायची वाट आधी मोकळी करायची, आणि झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कामाशिवाय कुणी नको. बुंध्याशी अळंबी उगवलेली दिसली तर खोडावर ठोकून बघायचं. आत कुजलेलं असेल तर बिजागरी धरेलच याचा भरवसा नसतो.

त्या ताईंनी आणखी एक विचारलं होतं: "आणि उगाचच थांबवलं तर?" थांबवतात ना. वाळकी काटकी बघून "दोर!" म्हणून ओरडणारा मुलगा आमच्याकडे आहे. आम्ही थांबतो, बघतो, "ठीक आहे, चला" म्हणतो. मी कुणालाही त्यावरून बोलू देत नाही, हसूही देत नाही. एकदा हसलं की तो पुढच्या वेळी दोनदा विचार करेल, आणि चिपर त्याच्यासाठी थांबणार नाही.

काही जण कधीच करवतीपर्यंत येत नाहीत. काहींना यायचंच नसतं. तो अबोल मुलगा धार फार सुंदर लावतो, खुंटावरचा काप सरळ घेतो, तरी सातव्या वर्षीही दोरावरच आहे. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्याने मान हलवून नाही म्हटलं. आता चढणारे पट्टा आवळताना आधी विचारतात, "खाली दोरावर कोण आहे?" त्याचं नाव ऐकलं की वर निघतात.