भिंतीमागचा समुद्र

दादाच्या कोथरूडच्या घरात दिवाणखान्याच्या भिंतीत समुद्र आहे. भिंतीला सहा फुटांची खिडकी पाडलीय आणि तिच्यातून खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीचा निळा उजेड येतो. येणारे-जाणारे "काय सुंदर!" म्हणून सोफ्यावर टेकतात. मला मात्र ही भिंत मागून जास्त आवडते.

मागे पूर्वी अडगळीची खोली होती. आता तिथे पंप, पाइप, बादल्या आणि स्टुलावर चढून खांद्यापर्यंत हात बुडवलेला दादा. सहा बाय दोन बाय दोनची टाकी म्हणजे सुमारे 680 लिटर पाणी. काच, दगड, खालची सम्पची टाकी (वरचं पाणी हिच्यात उतरून गाळलं जातं आणि पंप ते रिटर्नच्या पाइपने पुन्हा वर चढवतो) धरली की वजन टनाच्या घरात जातं. घरांचे स्लॅब साधारण चौरस मीटरला 200 किलोच्या हिशेबाने धरतात. वहिनीला हे प्रकरण वरच्या मजल्यावर हवं होतं. इंजिनिअरने नुसती नकाराची मान हलवली.

पहिल्यांदा पाणी भरताना चोवीसेक किलो मीठ लागलं. ते स्वयंपाकघरातलं चालत नाही; कॅल्शियम, मॅग्नेशियम असलेलं खास मीठ आरओच्या पाण्यात कालवायचं. मग महिना-दीड महिना टाकीत नुसते भट्टीतून काढलेले सच्छिद्र दगड. माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया माशांनाच मारतो. तो पचवणारे जिवाणू दगडांत आधी वस्तीला यावे लागतात. हे आईला कोण समजावणार? "दगडांना रोज आंघोळ घालतोस का रे?" ती विचारायची.

प्रवाळं आहेत, पण मऊ जातीची. दगडासारखा सांगाडा बांधणारी सगळी प्रवाळं आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, थेट वाघाच्या पंगतीत बसलेली. ती घरात ठेवायची नाहीत, आणि माझ्या मते ठेवू नयेतच. क्लाउनफिशची मात्र जोडी आहे. हे मासे जन्माला येतात ते सगळे नर. त्यांतला थोराड असतो तो पुढे मादी होतो. ही माहिती दादा पाहुण्यांना चहाबरोबर देतो.

खरा रोजचा संसार मागेच. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं, म्हणून वरून भर घालायची ती गोड्या पाण्याची. त्या वाफेने भिंतीला ओल येऊ नये म्हणून एक्झॉस्ट फॅन. एप्रिलमध्ये पाणी तिशीपार जाऊ नये म्हणून चिलर. वीज गेली तर पाणी हलतं राहावं म्हणून इन्व्हर्टर, तोही टीव्हीच्या आधी टाकीला. आणि स्किमर. त्यात बारीक बुडबुड्यांना पाण्यातली घाण चिकटते, फेस नळीतून वर चढतो आणि वरच्या कपात काळपट चहासारखा रस साठतो. दादा तो कप उजेडात धरून बघतो, वास घेतो (मी घेत नाही) आणि खुशीत म्हणतो, "आज छान निघालंय." वहिनी तेवढ्यापुरती अंगणात जाते.

पाहुण्यांना तो आग्रहाने मागे नेतो. ते दारातूनच "वा, वा" करून परततात. अपवाद एकच. आरओची गळती काढायला आलेला प्लंबर काम संपल्यावरही अर्धा तास तिथेच रेंगाळला. प्रत्येक वाकणाला युनियन, म्हणजे खोलता येणारे जोड, बसवलेत, काहीही कापावं न लागता पंप निघतो, हे त्याने स्वतः काढून पाहिलं. वहिनीने त्याला बाहेर चहा दिला, खिडकीसमोरच. त्याने माशांकडे एकदा पाहिलं आणि दादाला म्हणाला, "साहेब, रिटर्नच्या लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह दिसला नाही."