घरात हॉर्न लावताना: बासचा मोह सोडलेला बरा

हरिनाम सप्ताहातला भोंगा 30 वॉटच्या अँप्लिफायरवर शिवारभर ऐकू येतो. ती ताकद हॉर्नची, म्हणजे पुढे रुंदावत जाणाऱ्या नळीची. हॉर्न डायफ्रॅमला (आवाज काढणाऱ्या हलत्या पडद्याला) हवेचा योग्य भार देतो, त्यामुळे साध्या पेटीचा स्पीकर 1 वॉटला 1 मीटरवर 87-88 डेसिबल देतो तिथे हॉर्न 100च्या पुढे जातो. 10 डेसिबल वाढले की दहापट वॉट वाचतात, शिवाय डायफ्रॅम कमी हलतो म्हणून आवाज स्वच्छ राहतो. किंमत मोजावी लागते ती आकारात.

मोकळ्या हवेत हॉर्नच्या तोंडाचा परीघ सर्वांत खालच्या स्वराच्या तरंगलांबीइतका लागतो. 50 हर्ट्झची तरंगलांबी सुमारे 6.9 मीटर, म्हणजे तोंडाचा व्यास 2.2 मीटर! कोपऱ्यात ठेवला तर फरशी आणि दोन भिंती हॉर्नचंच काम पुढे नेतात, तोंडाचं क्षेत्रफळ आठव्या हिश्शावर, 0.47 चौरस मीटरवर येतं. 1946पासून बनत आलेला क्लिप्शहॉर्न हा कोपऱ्यात ठेवायचा स्पीकर याच तत्त्वावर उभा आहे. पण लातूर-नांदेडकडच्या 10 बाय 12च्या खोलीत स्टिरिओच्या दोन हॉर्नसाठी एकाच भिंतीचे दोन्ही कोपरे मोकळे कुठून आणायचे? एकात दार, दुसऱ्यात कपाट. तोंड लहान करून भागवलं तर ध्वनी तोंडापासून मागे परततो आणि गायकाचा आवाज नाकातून आल्यासारखा लागतो. कटऑफच्या, म्हणजे हॉर्न भार देऊ शकतो त्या सर्वांत खालच्या स्वराच्या, खाली भार सुटून डायफ्रॅम बेफाम हलतो, तिथे खालचे स्वर अडवणारा हायपास फिल्टर नसेल तर स्पीकरची कॉइल जायला वेळ लागत नाही.

म्हणून घरासाठी मी ठामपणे सांगेन: खालच्या स्वरांना बासरिफ्लेक्स (हवेचं भोक असलेल्या) पेटीत 12 इंची वूफर, आणि 1200 हर्ट्झच्या वर हॉर्नच्या मागे बसणारा, एक इंची गळ्याचा (तोंडाचा) छोटा स्पीकर, म्हणजे कॉम्प्रेशन ड्रायव्हर. त्याला याहून खाली उतरवू नका, डायफ्रॅम पुरत नाही.

हॉर्न कोणता, हा खरा प्रश्न. 500 हर्ट्झ कटऑफचा एक्स्पोनेन्शियल (सुरुवातीला हळू, पुढे झपाट्याने रुंदावणारा) हॉर्न 22 सेंमी तोंडाचा, 24 सेंमी लांब होतो. भार उत्तम देतो, पण वरचे स्वर एका अरुंद झोतात सोडतो; मधल्या खुर्चीवर छान, बाजूला बसलेल्यांना मंद. 90 अंशांचा उथळ हॉर्न सगळ्या बैठकीला सारखा आवाज देतो, आणि 12 इंची वूफरचा झोतही 1200-1300 हर्ट्झला जवळपास 90 अंशांवरच आलेला असतो, त्यामुळे वूफर आणि हॉर्न यांचा सांधा जाणवत नाही. मात्र त्याचे वरचे स्वर उतरत जातात, ते उचलावे लागतात. स्लॅबचं छत आणि शहाबादी फरशी असलेल्या घुमणाऱ्या खोलीतही मी उथळच घेईन, फक्त जाड सतरंजी आणि पडदे हवेत.

ड्रायव्हर 107 आणि वूफर 95 डेसिबलचा असेल तर 12 डेसिबल उतरवायचे: 8 ओहमच्या ड्रायव्हरला क्रॉसओव्हरनंतर (वरचे-खालचे स्वर वेगळे करणाऱ्या सर्किटनंतर) 6 ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये आणि 2.7 ओहमचा ड्रायव्हरला समांतर. सिरीजच्या रेझिस्टरवर 3.3 ते 4.7 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला की वरचे स्वरही उचलले जातात. अँप्लिफायरची सूं-सूं कमी होते, हा वरचा फायदा.

लांब हॉर्नमध्ये ड्रायव्हर वूफरच्या कॉइलपेक्षा साधारण 14 सेंमी मागे राहतो, म्हणजे 0.4 मिलिसेकंदाचा उशीर. 1200 हर्ट्झला ते जवळपास अर्धं आवर्तन, म्हणून नेमक्या सांध्यावरच आवाज एकमेकांना खातात. डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारं यंत्र) असेल तर वूफरला तेवढा उशीर द्या. नसेल तर ड्रायव्हरच्या तारा उलट जोडून ऐका आणि ज्या जोडणीत गायकाचा आवाज भरलेला लागेल ती ठेवा.