लिंकर नेमकं काय म्हणतोय

रविवार, रात्री साडेदहा

दुधाच्या हिशोबाची खिडकी आज अखेर उघडली. वर ‘गाय’, खाली ‘म्हैस’, दोन्हींपुढे लिटर लिहायचे चौकोन आणि ‘हिशोब कर’ असं एक बटण. बटण दाबलं की महिन्याचे रुपये दिसतात, बस. हे एक्सेलमध्ये पाच मिनिटांत झालं असतं, असं घरातल्या प्रत्येकाने सांगून झालंय. झालं असतंच. पण मला सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायचीय, आणि दुधाचा हिशोब हे निमित्त आहे.

सीमधला जेमतेम दीड पानाचा प्रोग्राम, खिडकीसाठी जीटीके ३ ही लायब्ररी, म्हणजे खिडक्या-बटणांसाठी तयार फंक्शनांचा संच. लिहायला वेळ लागला नाही. कंपाइल करायला, म्हणजे त्यातून मशीनला चालवता येईल अशी फाइल करायला, लागला.

पहिली अडवणूक हेडरची, म्हणजे लायब्ररीत कुठली फंक्शनं आहेत ते सांगणाऱ्या फाइलची. ‘जीटीके/जीटीके.एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी.’ रागच आला. ज्या जीएडिट या एडिटरमध्ये बसून मी कोड लिहिला तोच मुळी जीटीकेवर चालतो, मग लायब्ररी नाही कशी? तर डेबियन या लिनक्समध्ये, आणि म्हणून त्यावर बेतलेल्या माझ्या उबुंटूतही, एका लायब्ररीचे दोन वाटे केलेले असतात. तयार प्रोग्राम चालवायला लागतो तो एक, आणि नवा प्रोग्राम बांधायला लागतो तो दुसरा. या दुसऱ्याच्या नावाला शेवटी ‘डेव्ह’ असतं. हेडर त्यात असतात. लिंकरला, म्हणजे लायब्ररी प्रोग्रामला जोडणाऱ्याला, ‘मायनस एल’ म्हटल्यावर जी फाइल सापडावी लागते, ती आकडा नसलेली ‘लिबजीटीके-३.एसओ’, तीही त्यातच. चालवणाऱ्या वाट्यात असते ती ‘.एसओ.०’ वाली. माझ्याकडे तेवढीच होती.

डेव्ह पॅकेज टाकलं. एरर तीच! फाइल आता मशीनवर होती, पण ‘यूएसआर/इन्क्लूड/जीटीके-३.०’ या पोटफोल्डरात, आणि कंपाइलर आपणहून तिथे डोकावत नाही. ‘मायनस आय’ लावून तो फोल्डर दाखवला, तर पुढचं हेडर नाही म्हणाला. तेही दाखवलं, तर ‘जीलिबकॉन्फिग.एच’ नाही. हे महाशय तर इन्क्लूडमध्ये राहतच नाहीत, लिबच्या फोल्डरात जाऊन बसलेत. म्हणजे हे हाताने लिहीत बसण्यात अर्थ नव्हता. पीकेजी-कॉन्फिग नावाचा छोटा प्रोग्राम याचसाठी आहे. बऱ्याच लायब्रऱ्या आपल्यासोबत एक ‘.पीसी’ फाइल आणतात, तीत कुठली हेडर कुठे आणि कुठल्या लायब्रऱ्या जोडायच्या ते लिहिलेलं असतं. पीकेजी-कॉन्फिग ते वाचून पूर्ण यादी कमांडमध्ये ओततो.

त्यानंतर कंपाइलर गप्प झाला आणि त्याच कमांडमधून दुसरंच कोणी बोलायला लागलं. स्क्रीनभर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू’, पुढे ‘जीटीके_इनिट’, ‘जीटीके_विंडो_न्यू’, जेवढी फंक्शनं वापरली तेवढ्या ओळी. तळाशी ‘एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस’. भाच्याला फोन लावला.

“मावशी, शेवटची ओळ सोडून दे. ती नुसतं जमलं नाही एवढंच सांगते. आधी बघ, बोलतंय कोण. कंपाइलर जीसीसी का लिंकर एलडी?”

“अरे, कमांड तर मी जीसीसीचीच दिली.”

“ती वरवर. आतून तो एलडीला बोलावतो. एलडी बोलत असेल तर तुझ्या कोडमध्ये टायपो शोधू नकोस, हेडरकडे तर बघूच नकोस. ते काम झालंय.”

हे मला कुठल्याच धड्यात इतकं सरळ मिळालं नव्हतं. हेडर म्हणजे रेशनकार्डावरचं नाव, धान्य दुकानातूनच आणावं लागतं. कंपाइलर फक्त कार्ड तपासतो: हे फंक्शन कुठेतरी आहे, त्याला काय द्यायचं, ते काय परत देतं. प्रत्यक्ष फंक्शन शोधून जोडणं लिंकरचं काम.

बघायचंच म्हणून ‘मायनस सी’ देऊन नुसती ऑब्जेक्ट फाइल केली, जोडणी न करता. तक्रार शून्य. त्या फाइलवर ‘एनएम’ हा फाइलमधली नावं दाखवणारा प्रोग्राम चालवला. मी लिहिलेल्या ‘मेन’पुढे ‘टी’ अक्षर, म्हणजे हे इथे आहे. ‘जीटीके_बटन_न्यू_विथ_लेबल’पुढे ‘यू’, म्हणजे वापरलंय पण इथे नाही. मग ‘एनएम मायनस डी’ जीटीकेच्या ‘.एसओ’वर चालवून तेच नाव शोधलं. तिथे त्याच्यापुढे ‘टी’. एकीकडे मागणी, दुसरीकडे माल, दोन्ही डोळ्यांना दिसत होतं. मग जुळत का नव्हतं?

क्रमामुळे. माझ्या कमांडमध्ये लायब्रऱ्यांची यादी आधी होती आणि ‘हिशोब.सी’ शेवटी. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो. उबुंटूत ११.१० या आवृत्तीपासून त्याला ‘ॲज नीडेड’ हा पर्याय मुळातच लावून दिलेला असतो, म्हणजे आत्तापर्यंत कुणी मागितलेली नाही ती लायब्ररी तो सोडून देतो. यादी वाचली तेव्हा मागणारी फाइल अजून आलेलीच नव्हती. जुन्या धड्यांतली कमांड लिहिणाऱ्याकडे चालली आणि आपल्याकडे नाही, त्याचं कारण बरेचदा एवढंच असतं. जीटीके ३ च्या स्वतःच्या मार्गदर्शिकेत पीकेजी-कॉन्फिग दोनदा दिलंय, ‘सीफ्लॅग्ज’ फाइलच्या आधी आणि ‘लिब्ज’ फाइलच्या नंतर. मी ते दोन्ही एकत्र करून ‘नीटनेटकं’ केलं होतं.

क्रम बदलल्यावर एकच ओळ उरली, आणि ती जास्त मजेशीर. पैसे पूर्ण रुपयांत आणायला ‘राउंड’ वापरलं होतं. ते गणिताच्या लायब्ररीत असतं, लिबएममध्ये. ‘प्रिंटफ’ची लायब्ररी न सांगता जोडली जाते, ही जात नाही. पण मेसेज नेहमीचा नव्हता: ‘डीएसओ मिसिंग फ्रॉम कमांड लाइन’, म्हणजे ही लायब्ररी कमांडमध्ये लिहिलेली नाही. जीटीकेला स्वतःला लिबएम लागते, त्यामुळे लिंकरला ती दिसत होती, नावासकट. तरी त्याचं म्हणणं, दुसऱ्याच्या ओळखीवर चालणार नाही, तू स्वतः माग. शेवटी ‘मायनस एलएम’ लिहिलं आणि मागितलं.

एक गोष्ट नोंदवून ठेवते, पुढे लागेल. जीटीके ४ डिसेंबर २०२० मध्ये आलं आणि त्यात ‘जीटीके_मेन’ हे फंक्शन काढून टाकलंय. धडा ३ चा आणि पॅकेज ४ चं असं झालं तर कंपाइलरच अडवेल किंवा ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ दिसेल, आणि तिथे कितीही ‘मायनस एल’ लावले तरी उपयोग नाही. त्या मालाचं उत्पादनच बंद झालंय.

पीकेजी-कॉन्फिगने ओतलेली यादी नंतर निवांत वाचली. एका बटणासाठी एवढ्या लायब्रऱ्या? त्यात पँगो आणि हार्फबझ दिसल्या. ‘लिटर’मधली वेलांटी आपण ‘ल’नंतर टाइप करतो, दिसायला ती ‘ल’च्या आधी हवी. ‘म्हैस’मधला ‘म’ अर्धा हवा. हे सगळं बसवून देणं त्या दोघींचं काम. माझ्या दीड पानात त्यासाठी एक अक्षर नाही.

जेवणानंतर आईला प्रोग्राम दाखवला. तिने चौकोनात ‘१.५’ लिहिलं, मराठी आकड्यांत, तिच्या सवयीने. बटण दाबलं. शून्य रुपये. एकही एरर नाही, कंपाइलर खूश, लिंकर खूश. आई म्हणाली, “हे दूधवाल्याला दाखवू नकोस.”

लिहिलेल्या अक्षरांचा आकडा करायला मी वापरलेलं ‘एटीओएफ’ फक्त इंग्रजी आकडे ओळखतं. ‘जी_युनिकॅर_डिजिट_व्हॅल्यू’ नावाचं एक फंक्शन सापडलंय, ते देवनागरी ‘१’चीही किंमत एक देतं. आहे जीलिब या लायब्ररीत, आणि जीलिब त्या यादीत आधीपासूनच आहे. उद्या लावते.