शेताच्या पट्ट्यांवरून ठेवलेलं नाव

रनरिग या स्कॉटिश बँडबद्दल बोलायचं तर आधी शेतात उतरावं लागतं. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात पूर्वी गावची जमीन लांबट, उंचवट्याच्या पट्ट्यांत पाडलेली असे. ठरावीक वर्षांनी चिठ्ठ्या टाकायच्या आणि पट्टे या घरातून त्या घरात जायचे. काळी माती आणि खडकाळ जमीन, दोन्ही आळीपाळीने सगळ्यांच्या वाट्याला यायची. खोट एकच होती. पुढच्या फेरीत शेजाऱ्याकडे जाणाऱ्या पट्ट्यात शेणखत कोण टाकेल? या वाटपाच्या पद्धतीचं नाव रनरिग. ती कधीच मोडली, पण १९७३ मध्ये स्काय बेटावरच्या तिघांनी ते नाव आपल्या बँडला दिलं. रोरी आणि कॅलम मॅक्डोनल्ड हे भाऊ, आणि अ‍ॅकॉर्डियन वाजवणारा ब्लेअर डग्लस.

सुरुवात नाचाच्या बँडची होती, आणि माझ्या मते पुढचं सगळं त्या तालमीत शिजलं. ‘केली’ म्हणजे तिकडची नाचगाण्याची रात्र. चार जोड्यांच्या नाचाला ३२ बारची (बार म्हणजे आपल्याकडच्या आवर्तनासारखा तालाचा तुकडा) चाल बहुधा आठ वेळा वाजवतात. पाचव्या फेरीला वादकांना चेव येतो, लय चढते, आणि गिरक्या घेणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकतात. आठव्या फेरीलाही पहिलीचीच लय ठेवणारा तो खरा केलीचा वादक. ‘जिग’ हा सहा मात्रांचा, दादरा ऐकलेल्या कानांना लगेच ओळखीचा वाटणारा. ‘रील’ चारांचा, सरळ धावता.

पहिला अल्बम १९७८ मध्ये आला, तोही अख्खा गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत. धंद्याच्या हिशेबाने हा वेडेपणाच. १९९१ च्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये गेलिक बोलणारे जेमतेम ६६ हजार निघाले. त्याच वर्षी लॉक लोमंड सरोवराच्या काठी रनरिगच्या मैफलीला सुमारे ५० हजार लोक जमले होते! १९९५ मध्ये एका बिअरच्या जाहिरातीमुळे त्यांचं गेलिक गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १८ व्या क्रमांकावर पोचलं. जाहिरातीला नाकं मुरडणाऱ्यांनी मुरडावीत. स्कॉटिश गेलिक गाणं तोवर पहिल्या विसात कधी आलंच नव्हतं.

लोकसंगीत आणि रॉक एकत्र केलं असं म्हणायला सोपं आहे, करायला अवघड. हायलँड, म्हणजे त्या डोंगराळ मुलखातल्या, बॅगपाईप या पिशवीच्या फुंकवाद्याला स्वर फक्त नऊ. षड्जाखालचा कोमल निषाद, तिथून तार षड्जापर्यंत; सप्तक खमाज थाटाचं. शुद्ध निषाद त्यात नाहीच. त्यामुळे गिटारवाल्याने सवयीने पंचमावरचा मेजर कॉर्ड (एकत्र छेडलेले तीन स्वर) छेडला की त्यातला शुद्ध निषाद पाईपच्या कोमल निषादावर जाऊन आदळतो. मग कोमल निषादावरचा मेजर कॉर्ड घ्यायचा. तोही खाली अखंड घुमणाऱ्या षड्जाशी जरा घासतो, पण ते घासणं कानाला रुचतं.

दुसरं दुखणं स्वराच्या उंचीचं. हल्लीच्या पाईप बँडांचा षड्ज ४७५ ते ४८० हर्ट्झच्या आसपास असतो, गिटारचा जवळचा स्वर ४६६. म्हणून बँडसाठी बॅगपाईपला ४६६ ची, चाल वाजवायची वेगळी नळी घेतात. ती नसेल तर पत्ती थोडी बाहेर ओढायची आणि उरलेल्या चढ्या स्वरांच्या भोकांवर वरच्या कडेने चिकटपट्टी लावायची. त्यात उघड्यावरची थंडी. हवा १० अंशांनी गार झाली की फुंकवाद्याचा स्वर पावणेदोन टक्क्यांनी उतरतो, म्हणजे अर्ध्या स्वराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. गिटारच्या तारा मात्र थंडीत आखडून उलट वर चढतात. रनरिगचा गिटारवाला माल्कम जोन्स स्वतः पाईपही वाजवायचा, त्यामुळे हे भांडण एकाच माणसाच्या डोक्यात मिटत असावं.

पट्टे फिरत राहिले. गायक डॉनी मन्रो १९९७ मध्ये राजकारणासाठी बाहेर पडला. त्याच्या जागी १९९८ मध्ये कॅनडाच्या केप ब्रेटन बेटावरचा ब्रूस गथ्रो आला. त्या बेटावर हायलँडमधून गेलेल्यांनी गेलिक नेलेली. कीबोर्डवाला पीट विशार्ट २००१ मध्ये थेट खासदार झाला. गाणी लिहिणारे मॅक्डोनल्ड भाऊ मात्र पहिल्यापासून अखेरपर्यंत जागचे हलले नाहीत. खत घालायला कुणीतरी कायमचं लागतंच.

ऑगस्ट २०१८ मध्ये स्टर्लिंगच्या किल्ल्याखालच्या मैदानावर दोन रात्री वाजवून त्यांनी बँड थांबवला.

लॉक लोमंडचं जुनं लोकगीत ही त्यांची मैफलीतली ठरलेली चीज. आरंभ संथ, मग ड्रम येतात आणि सगळं मैदान गायला लागतं. इथेच घोटाळा होतो. १०० मीटर मागच्या माणसाचा आवाज मंचावर ०.३ सेकंद उशिरा पोचतो. ड्रमरने त्या आवाजाशी जुळवून घेतलं की लय मागे ओढली जाते, मग गर्दी आणखी रेंगाळते. अशा वेळी गर्दीकडे कान बंद करायचे आणि केलीच्या आठव्या फेरीसारखं वाजवत राहायचं.