तुम्ही विचारलंत म्हणून: अकराच का?

"बिग ईस्ट अकरा टीमवरच का अडलीये? आणखी का घेत नाहीत?" बिग ईस्ट म्हणजे अमेरिकन कॉलेजांच्या बास्केटबॉलची एक लीग. दर मार्चमध्ये तिच्याबद्दल हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. इथे न्यू जर्सीत विचारणारे आहेतच, पण सगळ्यात नेटाने विचारतो तो वसईतला माझा भाचा. अमेरिकन कॉलेजांचं बास्केटबॉल पहाटे उठून बघायची खोड त्याला मीच लावली, तेव्हा उत्तर देणं भाग आहे. त्याचं म्हणणं सरळ असतं: "मामा, गोंझागा कॅथलिक, डेटन कॅथलिक, सेंट लुईस कॅथलिक. घेऊन टाका ना सगळ्यांना!"

आधी एक गैरसमज दूर करतो. माझं आडनाव ऐकून लोकांना वाटतं, हा वसईचा ख्रिस्ती माणूस, धर्मापोटी सीटन हॉल या कॅथलिक विद्यापीठाच्या टीममागे लागलाय. तसं काही नाही. मुलगी तिथे शिकली. चार वर्षं फी भरली, आता निदान आरडाओरडा करून थोडी वसूल करतोय. आणि बिग ईस्ट म्हणजे काही चर्चची संघटना नव्हे. अकरापैकी नऊ कॅथलिक आहेत हे खरं. जॉर्जटाउन, मार्केट, क्रेटन, झेवियर ही जेझुइटांची, म्हणजे मुंबईचं सेंट झेवियर्स ज्यांचं त्यांचीच. व्हिलानोव्हा ऑगस्टिनियनांचं, प्रॉव्हिडन्स डॉमिनिकनांचं, सीटन हॉल नुअर्कच्या धर्मप्रांताचं. पण बटलर कॅथलिक नाही, आणि यूकॉन, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कनेक्टिकट, तर चक्क सरकारी विद्यापीठ. बाकीच्यांना बांधून ठेवणारी गोष्ट वेगळीच आहे: शहरी कॉलेजं, आणि फुटबॉलचा, अर्थात अमेरिकन फुटबॉलचा, मोठा कारखाना कुणाकडे नाही. यूकॉनकडे आहे, पण ते तो स्वतंत्रपणे चालवतात.

सगळा इतिहास या फुटबॉलपाशीच येऊन अडतो. १९७९ साली प्रॉव्हिडन्सच्या डेव्ह गॅव्हिट यांनी सात कॉलेजांची मोट बांधली ती निव्वळ बास्केटबॉलसाठी. सहा वर्षांत, १९८५ला, देशातल्या शेवटच्या चार टीमपैकी तीन बिग ईस्टच्या होत्या. मग फुटबॉल घरात आला, घर वाढलं, २००५मध्ये सोळा टीम झाल्या. फुटबॉलवाले थोरले भाऊ जास्त कमावणार, त्यामुळे त्यांचा पाय घरात ठरेना. सिरॅक्यूज गेलं, पिट्सबर्ग गेलं, वेस्ट व्हर्जिनिया गेलं. शेवटी डिसेंबर २०१२मध्ये सात कॅथलिक कॉलेजांनी वाटणी मागितली. गंमत अशी की वेगळं होणाऱ्यांनी घराण्याचं नाव आपल्याकडे ठेवलं आणि देवघरही, म्हणजे न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली लीगची मार्चची स्पर्धा. मागे राहिलेल्यांना नवीन नाव शोधावं लागलं. २०१३मध्ये बटलर, क्रेटन, झेवियर आले, २०२०मध्ये यूकॉन परतलं. झाले अकरा.

या अकरांमध्ये दुहेरी साखळी बसते. प्रत्येकजण प्रत्येकाच्या घरी जातो, प्रत्येकजण प्रत्येकाकडे येतो, वीस सामने. भाच्याला मी आयपीएलचं उदाहरण देतो. आठ टीम होत्या तेव्हा चौदा सामन्यांत सगळे सगळ्यांशी दोनदा खेळायचे. २०२२ला दहा झाल्या, सामने चौदाच राहिले, आणि आता चार टीमशी एकदाच गाठ पडते. मग गुणतक्ता कुणाच्या नशिबाने सोपा झाला यावर वाद सुरू. सोळा टीमच्या जुन्या बिग ईस्टमध्येही हेच होतं: अठरा सामने, त्यात दुसऱ्यांदा भेट फक्त तिघांशी. जानेवारीत व्हिलानोव्हाने घरी येऊन हरवलं, तर फेब्रुवारीत फिलाडेल्फियाला जाऊन उट्टं काढता आलं पाहिजे. ते नसेल तर लीग कशाला म्हणायचं?

भाचा वकिली करतो. "२०११ला त्याच सोळातल्या अकरा टीम एनसीएए स्पर्धेत गेल्या होत्या, मामा. आणि २०२५ला एसईसीच्या सोळातल्या चौदा." एनसीएए म्हणजे मार्चमधली राष्ट्रीय स्पर्धा, एसईसी ही दुसरी एक लीग. आकडे खरे आहेत. पण एसईसीच्या त्या चौदा संख्येमुळे गेल्या नाहीत. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्यांनी बाहेरच्यांना झोडपून काढलं होतं, म्हणून गेल्या.

खरी गोम इथे आहे. जानेवारी लागला की सामने घरातल्या घरात. एकाचा विजय म्हणजे दुसऱ्याचा पराभव, लीगची एकूण पत तिथल्या तिथे फिरते. ती पत ठरलेली असते नाताळच्या आधी, लीगबाहेरच्या सामन्यांत. हंगामाचे एकतीस सामने धरा, वीस लीगचे गेले, उरले अकरा. बारा टीम करून दुहेरी साखळी ठेवली तर उरतात नऊ. चौदा केल्या तर पाच. म्हणजे टीम वाढवायच्या तर एकतर साखळी तोडा, नाहीतर बाहेरचं जग बंद करा.

आणि या अकराचं आपण करतो काय? नोव्हेंबरातल्या मंगळवारी सीटन हॉलच्या घरच्या मैदानावर, नुअर्कच्या प्रुडेन्शियल सेंटरला, या कधीतरी. एवढं मोठं स्टेडियम आणि बुटांचा चुईंचुईं आवाज वरच्या रांगेपर्यंत ऐकू येतो. समोरची टीम कुठल्यातरी छोट्या कॉलेजची. त्यांना पाऊण-एक लाख डॉलरच्या आसपास रक्कम देऊन बोलावलेलं असतं, परतीचा सामना नाही. मध्यंतरालाच वीसची आघाडी. शेवटच्या दोन मिनिटांत आपली बाकावरची पोरं उतरतात, त्यातल्या एकाची बास्केट पडली की आख्खा बाक उड्या मारतो. मी पॉपकॉर्न संपवतो आणि पार्किंगच्या गर्दीआधी निघतो.

१७ मार्च २०२४ची संध्याकाळ मात्र पॉपकॉर्नवर निभावली नाही. एनसीएए स्पर्धेसाठी निवडलेल्या टीम त्या संध्याकाळी टीव्हीवर जाहीर होणार होत्या. सीटन हॉलने लीगमध्ये तेरा जिंकले होते, सात हरले होते. डिसेंबरात यूकॉनला ७५-६० हरवलं होतं. त्या वर्षीचा राष्ट्रीय विजेता यूकॉन, आख्ख्या हंगामात तीनदा हरला, त्यातला एक आमच्या हातून. मी चहा घेऊन टीव्हीसमोर बसलो. एकेक नाव येत गेलं, शेवटचा गट भरला, चहावर साय धरली. बिग ईस्टच्या तिघीच आत: यूकॉन, मार्केट, क्रेटन. मी निवड समितीला शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी शांतपणे नोव्हेंबरचा कागद काढला: यूएससीकडून हार, आयोवाकडून हार, नंतर घरच्या मैदानावर रटगर्सकडून हार, आणि जिंकलेले बहुतेक सामने त्या मंगळवारच्या जातीचे. शिव्या निम्म्या मागे घेतल्या.

समिती 'नेट' नावाची क्रमवारी वापरते. तिच्या हिशोबात पहिल्या प्रतीचा सामना म्हणजे घरी पहिल्या ३०मधली टीम, तटस्थ मैदानावर ५०मधली, पण परक्याच्या घरी असेल तर पहिल्या ७५मधली. म्हणजे डेटनला जाऊन खेळलं तर हरूनही फारसं नुकसान नाही, जिंकलं तर चांदी. म्हणून भाच्याला माझं उत्तर असं: सोयरीक करा, दत्तक घेऊ नका. डेटन, सेंट लुईस यांना लीगमध्ये ओढण्यापेक्षा दरवर्षी एकदा आमच्याकडे, एकदा तुमच्याकडे असे करार करा. झेवियर आणि डेटन गाडीने तासाभराच्या अंतरावर, एकेकाळी एकाच कॉन्फरन्समध्ये, म्हणजे लीगमध्ये. झेवियर बिग ईस्टमध्ये आल्यावर त्यांची दरवर्षीची लढत बंद पडली. याला काय म्हणावं? झेवियर-सिनसिनाटी, मार्केट-विस्कॉन्सिन, सीटन हॉल-रटगर्स टिकल्या, तशी हीही टिकायला हवी होती.

गोंझागाचं म्हणाल तर स्पोकेन नुअर्कपासून साडेतीन हजार किलोमीटर. बास्केटबॉलची पोरं विमानाने जातील, पण व्हॉलीबॉलच्या मुलींनीही बुधवारी तिकडे जाऊन गुरुवारी वर्गात बसायचं का? शिवाय त्यांनी २०२६पासून पॅक-१२ या दुसऱ्या लीगची वाट धरलीये. विषय मिटला.

२०२४च्या त्या एप्रिलमध्ये सीटन हॉलने एनआयटी, म्हणजे एनसीएएत जागा न मिळालेल्यांची स्पर्धा, जिंकली, ७९-७७, इंडियाना स्टेटविरुद्ध. भाच्याने वसईतून फोन केला, "मामा, कप मिळाला की!" मी म्हटलं, मिळाला. आता वेळापत्रक येऊ दे, नोव्हेंबरात कोण आहे ते आधी बघू.