वीस नोव्हेंबरला फडात असलेले मतदार

२० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात सुमारे ६६ टक्के मतदान झालं. राज्यात मतदार साधारण ९ कोटी ७० लाख. म्हणजे सव्वातीन कोटींहून अधिक माणसांनी मत दिलं नाही. त्यांतली आमच्या गावातली माणसं मला नावानिशी माहीत आहेत, कारण वाटप संपल्यावर त्यांच्या मतदार चिठ्ठ्या माझ्याच पिशवीत उरल्या होत्या.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. गावाच्या मतदार यादीची बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारीही मीच. नाव नोंदवणं, वगळणं, पत्ता बदलणं, मतदानाआधी घरोघर चिठ्ठ्या देणं, हे सगळं शाळा सांभाळून करायचं. शहरातल्या वाचकांना बीएलओ हा प्रकार फारसा माहीत नसतो. पण मत कोण देत नाही आणि का देत नाही, हे सगळ्यात जवळून आम्हीच पाहतो.

दिवाळी झाली की आमचं गाव निम्मं रिकामं होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमध्ये भांडी, पत्रे, शेळ्या, लहान लेकरं भरून ऊसतोडीला टोळ्या निघतात. कुणी सांगलीकडे, कुणी कोल्हापूरकडे, कुणी सीमा ओलांडून कर्नाटकात. चिठ्ठ्या वाटायला गेले तेव्हा वस्तीवर एकतर कुलूप, नाहीतर ओट्यावर एखादी म्हातारी आणि तिच्यापाशी ठेवलेली नातवंडं. घरातल्या माणसाची सही घेऊन चिठ्ठी द्यायची असते. एका आजींनी अंगठा उठवला, आपली चिठ्ठी कनवटीला लावली आणि बाकीच्या माझ्या हातात परत दिल्या. "त्यांच्या ठिवून काय करू बाई? पोरं कारखान्यावर हायेत. आता पाडव्यालाच यायची."

त्या आठवड्यात शाळेत मतदान जागृती चालू होती. मुलांनी घोषणा देत फेरी काढली. प्रत्येकाला एक संकल्पपत्र दिलं होतं, आईवडिलांनी मी मतदान करीन असं लिहून सही करायची. हंगामी वसतिगृहाच्या योजनेत आमच्याकडे काही मुलं असतात. आईवडील तोडीला गेले तरी मुलांची शाळा सुटू नये म्हणून त्यांची गावातच सोय होते. त्यातल्या चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, सही कुणाची घेऊ?" मी तिला आजीची घ्यायला सांगितलं. दुसरं काय सांगणार? पण तेव्हापासून 'आळस सोडा, मतदान करा' असली पाटी कुठे दिसली की मला राग येतो. त्या मुलीची आई पहाटे तीनला उठून भाकरी थापते आणि अंधारात फडात जाते. तिला आळस सोड म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही.

आता कुणी म्हणेल, अडवलं कुणी? यायचं होतं मतदानाला. काही जणांना मी स्वतः फोन करून विचारलं. एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांनी जे सांगितलं ते जवळजवळ सगळ्यांचंच उत्तर होतं. "अडवत कुणीच नाही बाई. पण हिशेब लावा की तुम्हीच."

हिशेब असा. २०२४ च्या जानेवारीत दरवाढीचा करार झाला, त्यानंतर तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये. नवरा-बायको मिळून एक कोयता. चांगल्या उसात एक कोयता दिवसाकाठी दीड-दोन टन तोडतो. म्हणजे दोघांचे मिळून साडेपाचशे ते सव्वासातशे, आणि तेही हातात येत नाहीत. हंगामाआधी मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेल्या उचलीत ते वळते होत असतात. गावी यायला एक दिवस, मतदानाचा एक, परतायला एक. तीन दिवसांचा खाडा, वर तीनशे किलोमीटर जायचं-यायचं भाडं दोघांचं. शिवाय टोळीतले दोन कोयते कमी झाले की गाडी भरायला उशीर होतो, गाडीवाला कुरकुरतो, फड वाटून देणारा कारखान्याचा चिटबॉय दुसऱ्या टोळीला चांगला फड देतो. गेलेल्याचा तोटा राहिलेल्यांनाही बसतो, म्हणून टोळीतलेच लोक म्हणतात, नको जाऊ.

मतदानादिवशी भरपगारी सुट्टी देणं लोकप्रतिनिधित्व कायद्याने बंधनकारक आहे. कायद्याने रोजंदारीवरचा माणूसही त्यात धरलाय. पण ज्याची मजुरी टनावर आहे, ज्याचा व्यवहार मुकादमाशी आहे आणि ज्याच्या नावाचं हजेरीपत्रकच कुठल्या कारखान्यात नाही, त्याने ती सुट्टी मागायची कुणाकडे?

यात बाईचं वेगळंच. यादीत नवरा आणि बायको असे दोन स्वतंत्र मतदार आहेत, दोघांची छायाचित्रं, दोघांचे क्रमांक. तोडीवर मात्र ती अर्धा कोयता. जायचं की नाही, हे कोयत्याचं ठरतं, तिचं नाही. माझ्याच वर्गात शिकून गेलेली एक मुलगी आज ऊस तोडते. तिला फोनवर विचारलं, तर म्हणाली, "मला कुणी इचारलंच नाही मॅडम, जायचं का म्हणून." अठरा पूर्ण झाल्यावर तिचा मतदार नोंदणीचा नमुना ६ मीच भरून घेतला होता.

ही गोष्ट आमच्याकडे कायमची आहे असंही नाही. तारखा पाहा. विधानसभेचं मतदान २००९ ला १३ ऑक्टोबरला झालं, २०१४ ला १५ ऑक्टोबरला, २०१९ ला २१ ऑक्टोबरला. तिन्ही वेळा दिवाळीच्या आधी. टोळ्या गावात होत्या, त्यामुळे मतदान केंद्रावर दुपारपर्यंत रांग असायची. लोकसभेलाही अडचण नाही, कारण एप्रिल-मेपर्यंत लोक परतलेले असतात. २०२४ ला मात्र लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला, गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून आणि मतदान २० नोव्हेंबरला. काही टोळ्या मुकादमाला विनवून २० तारखेपर्यंत थांबल्या, हेही सांगायला हवं. उचल घेतलेली असताना थांबणं सोपं नसतं, आणि त्यांनी ते केलं. आधीच गेले होते त्यांच्यापुढे तेवढाही मार्ग नव्हता.

आणि तरीही हेच लोक मतदानाला येतात, याच अंतरावरून येतात. ग्रामपंचायतीला. १५ जानेवारी २०२१ ला राज्यात १२ हजारांवर ग्रामपंचायतींचं मतदान झालं, ऐन हंगामात. तेव्हा आमच्या गावात रात्री-बेरात्री जीप आणि टेम्पो उतरत होते. लोक थंडीत कुडकुडत आले, सकाळी मत दिलं, घरी लेकरांना भेटले आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत फडात. भाडं उमेदवाराचं, खाड्याची भरपाईही त्याचीच. पैशासाठी आले असं कुणाला वाटेल. मला तसं वाटत नाही. वॉर्डात निकाल पाच-दहा मतांवर फिरतो. निवडून येणारा भावकीतला किंवा शेजारचा. घरकुलाच्या यादीत कुणाचं नाव पुढे जाणार, विहीर कुणाला मिळणार, वस्तीवर नळ कधी येणार, हे त्या मतावर ठरतं आणि ते डोळ्यांनी दिसतं. तिथे आपलं मत मोजलं गेलं, हे त्यांना कळतं.

विधानसभेला असं मतदाराला गाडी करून आणणं उमेदवारासाठी भ्रष्ट आचरण ठरतं, निवडून आला तरी निवड रद्द होऊ शकते. हा नियम योग्यच आहे. पण मग उमेदवाराने आणायचं नाही आणि शासनाने न्यायचं नाही, तर उसाच्या फडातल्या माणसाने यायचं कसं, याचं उत्तर कुणीतरी द्यायला हवं.

ज्याला कसलीच अडचण नाही आणि तरीही मत देत नाही, असाही माणूस आमच्या गावात आहे. निवृत्त झालेले एक अण्णा. बहात्तरच्या दुष्काळापासूनचं सगळं राजकारण त्यांना पाठ. २०२४ च्या आधी कधी एक मतदान चुकवलं नाही. २० नोव्हेंबरला शाळेसमोरच्या मारुतीच्या पारावर दिवसभर बसून होते, माझ्या टेबलापासून हाकेच्या अंतरावर. पाच वाजता मी उठून गेले आणि म्हटलं, अण्णा, तासभरच राहिलाय.

ते म्हणाले, "बाई, मागच्या खेपेला मी ज्याला मत दिलं, तो ज्याच्या विरोधात दिलं त्याच्याच मांडीवर जाऊन बसला. मला कुणी विचारलं का? मग आता माझी सही कशाला पाहिजे त्यांना?"

२०२२ आणि २०२३ मध्ये राज्यातले दोन मोठे पक्ष फुटले, त्यानंतर असं बोलणारे लोक मला चिठ्ठ्या वाटताना बरेच भेटले. मी त्यांना 'नोटा'चं, म्हणजे वरीलपैकी कोणीही नाही असं सांगणारं बटण आहे म्हणून सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने ते मिळालंय. त्यावर अण्णा म्हणाले, नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी निवडून दुसऱ्या क्रमांकाचाच येणार ना? ते खरं आहे. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, सत्तावीस हजारांवर मतं, आणि त्याने काहीच बदललं नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये फेरनिवडणुकीचा आदेश काढला, तसा विधानसभेला नाही. अण्णा म्हणाले, "आणा तसा नियम. रांगेत पहिला मी."

मला त्यांचं पटलं नाही. ते आले नाहीत म्हणून फुटणाऱ्यांचं काहीच बिघडलं नाही, उलट एक रागावलेला मतदार त्यांच्या वाटेतून दूर झाला. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. पण मी त्यांना बेजबाबदार म्हणणार नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यातल्या निवडणूकविषयक हक्काच्या व्याख्येत मत देणं आहे, तसं मत न देणंही आहे. अण्णांनी तो हक्क विचार करून वापरला, दिवसभर सगळ्यांसमोर बसून.

फडातल्या माणसाने मात्र कुठला हक्क वापरला नाही. त्याने तीन दिवसांची मजुरी वाचवली. मतदानाच्या आकडेवारीत अण्णा आणि तो एकाच रकान्यात जातात, आणि पुण्या-मुंबईत सुट्टी जोडून फिरायला गेलेलाही त्याच रकान्यात. मग सगळ्यांना मिळून एकच उपदेश होतो. शहरातल्या त्या माणसांबद्दल मी जास्त लिहीत नाही, मला ती फारशी माहीत नाहीत. चाकण-रांजणगावच्या कंपन्यांत गेलेली आमची पोरं माहीत आहेत. ती नमुना ८ भरून नाव तिकडे नेत नाहीत, कारण नाव हललं की ग्रामपंचायतीला भावकी कमी पडते. पुढच्या पिढीतला हा प्रश्न उसाएवढाच मोठा होणार आहे.

मतदान केंद्र माणसापर्यंत जाऊच शकत नाही, हे मला कुणी सांगू नये. याच निवडणुकीत पंच्याऐंशीच्या पुढच्या मतदारांकडे आणि दिव्यांगांकडे पथक घरी जाऊन मत घेऊन आलं. सैनिकाला टपाली मत आहे. निवडणुकीच्या कामावरच्या आम्हा कर्मचाऱ्यांचीही सोय आहे. काश्मीरमधून विस्थापित झालेल्यांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत खास केंद्रं असतात. स्थलांतरित मजुरांसाठी निवडणूक आयोगाने २०२२ च्या अखेरीस एकाच ठिकाणाहून ७२ मतदारसंघांचं मतदान घेऊ शकणारं यंत्र तयार केल्याचं जाहीर केलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांची बैठक झाली, अनेकांनी आक्षेप घेतले, आणि अजून एकाही निवडणुकीत ते वापरलं गेलेलं नाही. आक्षेपांत तथ्य असेलही, यंत्रांबद्दल मला फार कळत नाही. पण यंत्र नको असेल तर कारखान्याच्या तळावर टपाली मतपत्रिका द्या. टोळ्या एकेका कारखान्याभोवती शेकड्यांनी कोप्या घालून राहतात. इतके मतदार एका जागी शोधायला कुठल्याही पथकाला अवघड नाही.

घाई यासाठी की हे पुन्हा होणार आहे. विधानसभेची पाच वर्षं पहिल्या बैठकीपासून मोजली जातात. २०१९ ला सरकार बनायला उशीर झाला, पहिली बैठक २७ नोव्हेंबरला झाली, म्हणून २०२४ चं मतदान नोव्हेंबरपर्यंत सरकलं. २०२४ ची पहिली बैठक ७ डिसेंबरला झाली. म्हणजे या विधानसभेची मुदत ६ डिसेंबर २०२९ पर्यंत आहे आणि मतदान नोव्हेंबरअखेरीलाही ठेवता येईल. तेव्हा हंगाम पुरता चालू असेल.

गावातून कोण कुठल्या कारखान्यावर गेलंय, हे हंगामी वसतिगृहाच्या सर्वेक्षणात आम्ही शिक्षक दरवर्षी लिहितो, पालकांच्या नावासह. ग्रामसेवकांनी ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रं दिली आहेत. मतदार यादी माझ्याकडे आहे. तिन्ही कागद एकाच गावात, बहुतेक वेळा एकाच इमारतीत आहेत. ते जुळवून तहसीलला द्यायला मला एक आठवडा पुरेल. तहसीलने ते मागवावेत, एवढंच हवंय. सध्याच्या कुठल्याच नमुन्यात तसा रकाना नाही.