कॉलर अजून ओलीच

साडेआठला निघायचं होतं आणि घालायचा शर्ट अजून दोरीवरच होता. पाठ वाळली होती, बाह्या वाळल्या होत्या. कॉलर, कफ आणि खिशाची दुहेरी शिवण मात्र हटून बसलेली. गालाला लावून पाहिला, गार लागला. आता गार म्हणजे ओलाच असं काही नाही. ओलेपणा ओळखायची वेगळी सोय आपल्या कातडीत नाही. गारवा आणि स्पर्श यांची सांगड घालून ती अंदाज बांधते. घाईच्या वेळी माझा गाल तर हमखास माझ्या सोयीचा अंदाज बांधतो.

पाणी १०० अंशांना उकळतं आणि त्याची वाफ होते, हे शाळेत इतकं घोकलं होतं की त्याखालच्या तापमानाला पाणी गुपचूप बसून राहतं असाच माझा बरीच वर्षं समज होता. मग रात्रभरात २५ अंशांच्या खोलीत पाठ वाळवली कुणी?

गोम अशी की तापमान ही सरासरी आहे. थंड पाण्यातही काही रेणू रेंगाळत असतात, तर काही सुसाट सुटलेले असतात. त्यातला एखादा सुसाट पृष्ठभागापाशी आला की शेजाऱ्यांची पकड सोडवून निसटतो. पाणी तापलं की सरासरी थोडीच सरकते, पण निसटण्याजोगे रेणू भराभर वाढतात. निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे तापमानाच्या सगळ्यात खालच्या टोकापासून मोजलं तर २० अंशांवरून ३० वर जाणं म्हणजे तापमानात जेमतेम साडेतीन टक्क्यांची वाढ. बाष्पदाब, म्हणजे निसटलेल्या रेणूंचा दाब, मात्र पाऱ्याच्या साडेसतरा मिलिमीटरवरून जवळजवळ बत्तीसवर जातो. हे प्रमाण मला अजूनही अविश्वसनीय वाटतं.

गेलेले रेणू परतही येतात, ही दुसरी अडचण. खोलीची दारं-खिडक्या लावलेली, त्यामुळे शर्टाभोवती बाष्प साचलेलं. जितके जात होते त्यातले बरेच पुन्हा कॉलरवरच येऊन बसत होते. नुसती ऊब असून भागत नाही, निघालेल्याला वाटही हवी. मी पंखा लावला. तो रात्रीच लावायला हवा होता, हे वेगळं सांगायला नको.

शेवटी इस्त्री काढली. तापली का बघायला ओलं बोट तिच्यावर झटकलं. थेंब चर्र करून गेला. आणखी तापू दिली, तर पुढचे दोन-तीन थेंब चर्र न होता गोळ्या होऊन घरंगळत खाली पडले. जास्त तापलेल्या लोखंडावर पाणी जास्त टिकावं, हा आचरटपणाच की! पण थेंबाखाली वाफेचा पातळ थर तयार होतो आणि तोच उष्णता अडवतो. लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन वैद्याने १७५६ साली तापून लाल झालेल्या लोखंडी चमच्यात पाण्याचे थेंब टाकून याचं बारकाईने वर्णन केलं. त्यालाही कुठे निघायची घाई नसावी.

एक ग्रॅम पाणी शून्यापासून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे १०० कॅलरी लागतात. तेच पाणी खोलीच्या तापमानाला हवेत उडवायचं तर साधारण ५८० कॅलरी. पिळलेल्या शर्टात २०० ग्रॅम पाणी उरलं असेल असं धरलं, तर १००० वॅटच्या इस्त्रीने आपली सगळी उष्णता, जराही वाया न घालवता, आठेक मिनिटं त्यात ओतावी लागेल. रात्री एवढं काम खोलीतल्या हवेने बिनबोभाट केलं होतं. सुसाट रेणू जात राहिले, मागे मंद राहिले, कापड गार पडत गेलं आणि हवा त्याला पुन्हा ऊब पुरवत राहिली. गालाला लागलेला गारवा तो हाच.

पाठीवर इस्त्री झरझर फिरली. कॉलरवर चार-पाच वेळा दाबली, भसाभस वाफ निघाली, वाटलं झालं. घातला आणि निघालो.

कोपऱ्यावर वाऱ्याची झुळूक आली आणि मानेला गारेगार लागलं. कॉलर ओलीच होती. ग्रॅममागे ५८० कॅलरींचा उरलेला हिशेब आता माझी मान चुकता करत होती.